आराउकोला जाताना: कोळशाच्या खाणी, लाफकेंचे लोकांची गावं आणि खान्देशातून करायची तयारी

चिलीच्या बिओबिओ प्रदेशात, पॅसिफिक महासागर आणि नाहुएलबुताची डोंगररांग यांच्यामध्ये आराउको प्रांत आहे. लेबू हे त्याचं मुख्यालय. आराउको, कुरानिलावे, लोस आलामोस, कान्येते, कोंतुल्मो आणि तिरुआ हे बाकीचे तालुके. बहुतेक भारतीय प्रवासी सान्तियागोहून उत्तरेला आताकामाच्या वाळवंटात जातात, नाहीतर थेट पातागोनियाला. आराउको मधेच राहून जातो. तिथे मोठी हॉटेलं नाहीत, इंग्रजी बोलणारे फार थोडे आणि पाऊस भरपूर. पण कोळशाच्या खाणींचा दीडशे वर्षांचा इतिहास आणि आजही स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या भाषेत जगणारा मापुचे आदिवासी समाज एकाच रस्त्यावर बघायला मिळतो, असे प्रांत जगात कमी आहेत.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका: हा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करायचा. लोता, मग कुरानिलावे आणि लेबू, मग कान्येते, आणि शेवटी येऊ येऊ तलाव आणि तिरुआ. बरेच लोक उलटं करतात; आधी तलावावर जातात आणि वेळ उरला तर खाण बघतात. मग तलावाकाठच्या गावात ‘आमची जमीन’ हा विषय निघाला की त्यांना काहीच उमगत नाही. लोताला १८५२ मध्ये कोळशाचं मोठं काम सुरू झालं. १८६१ पासून चिलीचं सैन्य मापुचे मुलखात दक्षिणेकडे सरकत गेलं आणि १८६२ मध्ये लष्करी अधिकारी कोर्नेलिओ सावेद्राने लेबू वसवलं. खाणीच्या छताला आधार द्यायला लाकूड लागायचं, म्हणून लोताच्या आसपास निलगिरी आणि पाइन लावायला सुरुवात झाली. १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने अशा लागवडीला सरकारी अनुदान मिळालं आणि डोंगरच्या डोंगर पाइनने भरले. आजचा जमिनीचा वाद मोठ्या प्रमाणात याच जंगलांवरून आहे. रस्त्याने दक्षिणेकडे जाताना हा क्रम आपोआप समजत जातो.

केव्हा जायचं

तिकडचे ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते मार्च उन्हाळा, जून ते ऑगस्ट थंडी आणि धो धो पाऊस. उन्हाळ्यातसुद्धा दुपारचं तापमान साधारण विशीतच राहतं. मे महिन्यात भुसावळची ४५ अंशांची झळ सोसणाऱ्या माणसाला जानेवारीतल्या लेबूच्या किनाऱ्यावर स्वेटर लागतो, कारण दुपारनंतर दक्षिणेचा वारा सुटतो. हम्बोल्ट प्रवाहामुळे समुद्रही बर्फासारखा गार. पोहायचा बेत असेल तर तो समुद्राऐवजी लानाल्वे तलावाचा ठेवा.

नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य, किंवा मार्च, हा काळ उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत चिलीतल्या शाळांना सुट्टी असते, तलावाकाठच्या खोल्या भरतात आणि दर वाढतात. फेब्रुवारीत जंगलांच्या वणव्याचा धोकाही सर्वांत जास्त असतो. वी त्रिपान्तू, म्हणजे मापुचे नववर्ष, जूनच्या २१ ते २४ तारखांच्या आसपास येतं. २१ जून २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. पण त्या दिवसांत जायचं असेल तर कुणाच्या तरी घरचं बोलावणं हवं. नुसतं जाऊन उभं राहण्याचा तो सण नाही.

कागदपत्रं आणि सामान

भारतीय पासपोर्टला चिलीचा व्हिसा लागतो आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. अमेरिकेचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा (ट्रान्झिटचा सोडून) असेल तर पर्यटकांना सवलत आहे, पण नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी नवी दिल्लीच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. मुंबईहून सान्तियागोला थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा साओ पाउलोमार्गे जावं लागतं. ब्राझीलमार्गे जाणार असाल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा आणि विमानतळाबाहेर पडू नका. ब्राझीलमध्ये बाहेर पडलात तर भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस मुंबई-पुण्यातल्या ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून दुपारचं विमान पकडण्याचा हिशोब पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत फसतो.

चिलीत उतरल्यावर खरी तपासणी खाण्याच्या वस्तूंची होते. साग नावाचं कृषी खातं प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र भरून घेतं, बॅगा यंत्रातून जातात, कुत्रेही हुंगतात. ताजी केळी, फळं, भाजी, कच्चे शेंगदाणे, अख्खी डाळ, कुठलंही बी, मध, घरचं तूप, पेढे यांपैकी काही नेऊ नका. कंपनीच्या बंद पाकिटातली शेव, तळलेले केळीचे वेफर्स, दळलेला काळा मसाला, भाजलेल्या शेंगदाण्याची चटणी चालण्याची शक्यता चांगली, पण ती घरच्या डब्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून नेली तर तपासनीसाला ते काय आहे हे कळत नाही आणि तो ती टाकून देतो. जे काही खाण्याचं आहे ते सगळं प्रतिज्ञापत्रात लिहा. लिहिलं आणि त्यांना नको वाटलं तर वस्तू जाते, एवढंच. लिहिलं नाही आणि सापडलं तर दंड होतो.

इमिग्रेशनला जी पावती मिळते ती पासपोर्टात जपून ठेवा. पासपोर्ट आणि ही पावती दाखवून डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने पैसे दिले, तर नोंदणीकृत हॉटेलात परदेशी पर्यटकाला १९ टक्के कर माफ होतो. खोली घेतानाच तसं विचारा. बिल झाल्यावर कुणी दुरुस्त करत नाही. परत जातानाही ती पावती मागतात.

प्लगचा प्रश्न वेगळाच. वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्टची, पण सॉकेटला एका ओळीत तीन गोल भोकं असतात. आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही. अॅडॉप्टर घरूनच न्या. पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी गोंधळात टाकतात. चिलीत पेसोच्या आधीही डॉलरचंच चिन्ह लिहितात, आणि हजारासाठी स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात. ढाब्यावरच्या फळ्यावर चिन्हापुढे ५.००० दिसलं तर ते पाच हजार पेसो. तोंडी बोलताना हजाराला ‘लुका’ म्हणतात. डॉलर सान्तियागोत किंवा कोन्सेप्सिओनमध्ये बदलून घ्या. तिरुआकडच्या गावांत कार्डावर विसंबू नका. लहान नोटा जवळ हव्यात.

रस्ता

सान्तियागो ते कोन्सेप्सिओन बसने साधारण सहा तास, विमानाने सुमारे एक तास. कोन्सेप्सिओनहून १६० क्रमांकाचा रस्ता समुद्राच्या कडेने दक्षिणेला जातो: कोरोनेल, लोता (सुमारे ४० किलोमीटर), मग कुरानिलावे, लोस आलामोस. पुढे एक फाटा पश्चिमेला लेबूला, दुसरा दक्षिणेला कान्येते आणि कोंतुल्मोला. कान्येतेहून तिरुआ सुमारे ७५ किलोमीटर. कोरोनेलपर्यंत बिओत्रेन ही लोकल गाडी जाते, पुढे बस. मोठ्या गावांना बसने जाता येतं. येऊ येऊच्या काठावरच्या वस्त्यांना मात्र गाडी तरी हवी किंवा यजमानाने घ्यायला यायला हवं.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय चालक परवाना आपल्या आरटीओकडून निघण्याआधी काढा. त्याची मुदत एक वर्ष असते. तिकडे उजव्या बाजूने चालवायचं. लाकडाचे ओंडके नेणारे लांबलचक ट्रक हा या रस्त्यावरचा मोठा धोका. चढावर ते एकदम मंदावतात आणि ओल्या रस्त्यावर सालींचा चिखल सांडत जातात. त्यांच्या मागे दीडपट अंतर ठेवा.

आता सुरक्षेचं. जमिनीच्या वादातून या भागात लाकडाचे ट्रक, यंत्रं आणि घरं जाळण्याचे प्रकार झाले आहेत, माणसंही मारली गेली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कान्येते तालुक्यात तीन पोलीस ठार झाले. २०२२ पासून प्रांतात आणीबाणीची स्थिती पुन्हापुन्हा वाढवली गेली आहे, म्हणून रस्त्यावर लष्कराची नाकी दिसतात. पर्यटक हे लक्ष्य नसतात, पण चुकीच्या वेळी चुकीच्या वळणावर असणं टाळायला हवं. त्यासाठी नियम साधे: कान्येतेच्या दक्षिणेला अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, निघायच्या सकाळी यजमानाला फोन करून रस्ता मोकळा आहे का विचारायचं, पासपोर्ट अंगावर ठेवायचा, नाकी, अडथळे, जळालेली वाहनं यांचे फोटो काढायचे नाहीत. प्रवास विमा घेताना अशा भागासाठी तो लागू आहे का, ते पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत वाचा.

खाणींचा मुलूख

लोता हे गाव आराउकोच्या सीमेच्या अलीकडे, कोन्सेप्सिओन प्रांतात येतं. तरी सुरुवात इथूनच. खाण एप्रिल १९९७ मध्ये कायमची बंद झाली आणि गावाचा रोजगार एका दिवसात गेला. चिफ्लोन देल दियाब्लो ही समुद्राखाली जाणारी खाण पर्यटकांसाठी उघडली गेली, वाटाड्ये म्हणून स्वतः जुने खाणकामगार. ही खाण आणि खाणमालक कोउसिन्यो कुटुंबाची बाग, दोन्ही दुरुस्तीच्या कामांमुळे मधूनमधून बंद राहिल्या आहेत, म्हणून कोन्सेप्सिओनहून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

आत जाताना कमरेला बॅटरी आणि डोक्यावर दिव्याची टोपी देतात. टोपीचा पट्टा हनुवटीखाली घट्ट करा. छत अनेक ठिकाणी छातीइतकं खाली येतं, आणि सैल टोपी पहिल्याच धडकेला डोळ्यांवर येते. कोळशाच्या थरातून मिथेन वायू सुटतो. एक ठिणगी पुरते, म्हणून मोबाइल, घड्याळ, कॅमेरा बाहेर ठेवायला सांगितलं तर मुकाट्याने ठेवा. गुडघे दुखत असतील, बंद जागेची भीती वाटत असेल किंवा दमा असेल तर खाली उतरू नका. वरचं पाहण्यासारखंही पुष्कळ आहे. कामगारांच्या लांबच लांब चाळींना तिथे पाबेयोन म्हणतात. चाळीबाहेर विटांच्या सामाईक भट्ट्या असत आणि बायका पाळीपाळीने त्यात पाव भाजत. तो ‘पान मिनेरो’ आजही गावात मिळतो: जाड सालाचा, आतून घट्ट, पाळीवर नेलेला दिवसभर टिकेल असा. शाकाहारी असाल तर घेण्याआधी चरबी घातली आहे का ते विचारा.

लोताच्या दक्षिणेला चिविलिंगोचं जलविद्युत केंद्र आहे. १८९७ मध्ये ते खाणींना वीज द्यायला बांधलं. जळगाव-धुळ्यात ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनी ते चुकवू नये. कुरानिलावेतही सगळं गाव कोळशावर उभं राहिलं. ‘पिर्केन’ म्हणजे थोड्या माणसांनी हाताने चालवलेली छोटी खाण, आणि तिथे काम करणारा ‘पिर्किनेरो’. अशा खाणीचं तोंड डोंगरात दिसलं तरी वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकू नका. लाकडी खांब कुजलेले असतात आणि हवा कोंदलेली.

लेबूत अर्धा दिवस पुरतो. बेनाविदेस गुहा समुद्राकाठी आहे, भरतीची वेळ विचारूनच जा. २७ फेब्रुवारी २०१० च्या ८.८ तीव्रतेच्या भूकंपात हा किनारा काही ठिकाणी दीड-दोन मीटर वर उचलला गेला. पूर्वी पाण्याखाली असलेले खडक आता पांढरे पडून उघडे दिसतात. किनाऱ्यावर असताना पाय टेकवणं कठीण होईल इतका जोराचा धक्का बसला, तर त्सुनामीच्या सायरनची वाट पाहू नका. ‘विआ दे एवाकुआसिओन’ असं लिहिलेल्या पाट्यांच्या दिशेने पायी निघा आणि समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर पोचेपर्यंत थांबू नका. गाडी काढायला जाऊ नका. आपत्तीचे फोन: रुग्णवाहिका १३१, अग्निशमन १३२, पोलीस १३३, जंगलातली आग १३०.

लाफकेंचे गावांत

कान्येतेजवळ मापुचे संग्रहालय आहे, प्रवेश मोफत, सोमवारी बंद. कुठल्याही वस्तीवर जाण्याआधी इथे किमान तीन तास द्या. विणकामाची हत्यारं, चांदीचे दागिने, कुल्त्रुन हा विधीचा ढोल आणि बाहेर रुका, म्हणजे गवताने शाकारलेलं घर. या परिसरातच १५५३ च्या डिसेंबरात तुकापेलच्या लढाईत लाउतारोच्या नेतृत्वाखाली मापुचेंनी स्पॅनिश सेनापती पेद्रो दे वाल्दिवियाला संपवलं, आणि १५५८ मध्ये कान्येतेत स्पॅनिशांनी मापुचे सरदार कौपोलिकानला हाल करून मारलं. ही नावं तिकडच्या लहान मुलालाही माहीत असतात. ती माहीत असलेला पाहुणा वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

किनाऱ्यावरच्या मापुचेंना लाफकेंचे म्हणतात. कान्येते आणि तिरुआच्या दरम्यान, येऊ येऊ तलावाच्या काठाने, काही कुटुंबं स्वतःच्या जागेवर तंबू लावू देतात, रुकात मुक्काम आणि जेवण देतात. मुक्काम आधी ठरवा, निदान दोन रात्रींचा. दुपारी येऊन संध्याकाळी निघून जाणाऱ्याला चार फोटोंपलीकडे काही मिळत नाही.

भेटीची पद्धत अशी. कुंपणापाशी थांबा, हाक मारा, आतून बोलावल्यावरच आत जा. ‘मारी मारी’ म्हणून घरातल्या प्रत्येकाशी हात मिळवा, मुलांशीसुद्धा. कुणाला वगळलं तर लक्षात राहतं. बाईला ‘लामन्गेन’ म्हणतात. पुरुषाने पुरुषाला ‘पेन्यी’ म्हणायचं, पण बाईने पुरुषालाही ‘लामन्गेन’च म्हणायचं. निरोप घेताना ‘चाल्तुमाय’, आभार. रिकाम्या हाताने जाऊ नका. कान्येतेच्या दुकानातून एक किलो येर्बा माते, साखर, मैदा आणि फळं घ्या. अशी भेट त्यांच्या रिवाजातलीच आहे. मातेची तुंबडी हातात आली की नळी न हलवता शेवटपर्यंत ओढा आणि देणाऱ्याला परत द्या. ‘ग्रासियास’ म्हटलंत तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. मुदाय हे आंबवलेल्या धान्याचं पेय आहे. मद्य वर्ज्य असेल तर नम्रपणे आधीच सांगा.

न्गियातुन हा सामूहिक प्रार्थनेचा विधी. सातपुड्यात काठी गावच्या होळीला बाहेरून आलेले लोक मोरपिसांच्या टोपाजवळ कॅमेरे कसे खुपसतात ते आपण पाहतोच. न्गियातुनमध्ये तसं चालत नाही. बोलावणं असेल तरच जायचं, फोन खिशात बंद, नाचायला सांगितलं तर नाचायचं, जिथे बसवतील तिथे बसायचं. माची म्हणजे विधी करणारी वैद्य. तिच्याकडे ‘माझं भविष्य सांगा’ म्हणून जाऊ नका. रेवे हा अंगणातला कोरीव पवित्र खांब. त्याला हात लावायचा नाही, टेकून फोटो काढायचा नाही.

विणकाम घ्यायचं असेल तर विणणारीकडूनच घ्या आणि भाव पाडू नका. लोकर धुणं, कातणं, रंगवणं आणि मग उभ्या मागावर विणणं, यात एका घोंगडीला आठवड्यांमागून आठवडे जातात. हाताने कातलेल्या सुताला जाडी कमी-जास्त असते, अगदी एकसारखं सूत दिसलं तर ते बहुधा गिरणीचं. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून पाहा, रंग उतरला तर धुताना तो आणखी उतरेल.

जेवण

शाकाहाऱ्याचे हाल होतात, पण टाळता येतात. ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणाल तर मासे किंवा कोंबडी येऊ शकते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मारिस्कोस’ असं पूर्ण म्हणा. दुसरा प्रश्न ‘येवा मांतेका?’ मांतेका म्हणजे डुकराची चरबी. सोपाइपिया या तळलेल्या पुऱ्यांत, राखेत भाजलेल्या तोर्तियात आणि पावात ती अनेकदा असते. लोण्याला मांतेकिया म्हणतात, तेव्हा शेवटचं अक्षर नीट ऐका.

काय खायचं? कातुतो: शिजवलेला गहू पाट्यावर वाटून केलेले लांबट मुटके, भाजून किंवा तळून. जानेवारी ते मार्च ताज्या घेवड्याचा, मका आणि भोपळा घातलेला ‘पोरोतोस ग्रानादोस’ हा रस्सा. ‘ओन्से’ म्हणजे संध्याकाळचा चहा-पाव-चीज-अव्होकाडो, यावर अनेक शाकाहारी लोक आठवडा काढतात. कोचायुयो हे समुद्रातलं जाड शेवाळ. वाळवून जुड्या बांधून विकतात, रात्रभर भिजवून उकळलं की भाजीत घालता येतं. आणि मेर्केन. धुरावर वाळवलेली लाल मिरची, भाजलेले धने आणि मीठ एकत्र दळलेलं. खान्देशी जिभेला या देशातलं सर्वांत ओळखीचं वाटेल ते हेच. भाजलेल्या वांग्याच्या भरतावर किंवा नुसत्या उकडलेल्या बटाट्यावर भुरभुरून पाहा. घरी आणायचं असेल तर दळलेलं, बंद पाकिटातलं घ्या. पेवेन झाडाच्या कच्च्या बिया मात्र आणू नका, वनस्पती तपासणीत अडकतात.

मोचा बेट राहिलंच. लेबू तालुक्यातलं हे बेट तिरुआच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटर आत समुद्रात आहे. छोट्या विमानाने किंवा होडीने जाता येतं, पण धुकं आणि वारा असला की दोन्ही बंद. बेटावर अडकून परतीचं विमान चुकणं हे नेहमीचं. म्हणून मोचा प्रवासाच्या शेवटी ठेवू नका, आणि त्यानंतर कमीत कमी दोन दिवस मोकळे ठेवा. तेवढी सवड नसेल तर बेट सोडून द्या आणि ते दोन दिवस येऊ येऊच्या काठावरच काढा.